जखमेवाटे शिरणारे पाण्यातले जिवाणू

नागपूरच्या नळांना पाणी मुख्यतः पेंच जलाशयातून आणि कन्हान नदीतून येते. ते पिण्यायोग्य आहे की नाही हे ठरवताना प्रयोगशाळेत प्रामुख्याने कोलिफॉर्म गटातील जिवाणू, आणि त्यातही ई. कोलाय, शोधले जातात. ई. कोलाय हा माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा जिवाणू असल्याने तो पाण्यात सापडला, तर कुठेतरी मैला मिसळला आहे असे अनुमान निघते आणि पटकी, विषमज्वर यांसारख्या रोगांचा धोका वेळीच लक्षात येतो. ही कसोटी उत्तम आहे, पण ती एका विशिष्ट प्रश्नाचेच उत्तर देते. निसर्गात असेही जिवाणू आहेत, ज्यांचा मैल्याशी काहीच संबंध नसतो. तळ्यातला गाळ, धानाच्या बांधीतला चिखल, ओढ्याचे संथ पाणी हेच त्यांचे मूळ वसतिस्थान असते आणि माणूस तिथे कधी फिरकला नसता तरी ते तिथे राहिलेच असते. कोलिफॉर्म चाचणी निर्दोष आली म्हणून हे जिवाणू त्या पाण्यात नाहीत, असे म्हणता येत नाही.

हे वाचून नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरायला जाणे किंवा रामटेकजवळच्या खिंडसी तलावात नौकाविहार करणे बंद करण्याचे मुळीच कारण नाही. अखंड त्वचा, जठरातले आम्ल आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी या तीन अडथळ्यांपुढे यांतील बहुतेक जिवाणूंचे काही चालत नाही. त्यांच्यापैकी अनेकांना तर माणसाच्या शरीराचे ३७ अंश तापमानच मानवत नाही. आजार होतो तो जखमेतून, फुप्फुसातून किंवा नाकातोंडात गेलेल्या पाण्यातून जिवाणू मोठ्या संख्येने आत शिरले आणि त्याच वेळी शरीराचा प्रतिकार दुबळा असला तर. असे क्वचितच घडते. मात्र ही दुर्मीळताच पुढे रुग्णाच्या जिवावर उठते, कारण निदान होण्यापूर्वी अंदाजाने दिले जाणारे प्रतिजैविक नेहमीच्या जिवाणूंसाठी निवडलेले असते आणि या मंडळींवर ते अनेकदा निष्प्रभ ठरते.

केरळमध्ये गाजलेला ‘मेंदू खाणारा अमिबा’ हा जिवाणू नव्हे, त्यामुळे तो विषय येथे बाजूला ठेवतो. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसही दुर्मीळ म्हणता येत नाही आणि पावसाळ्यात तो बहुतेक डॉक्टरांच्या मनात असतोच.

दुर्मीळांमध्ये सर्वांत देखणा जिवाणू म्हणजे क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवला की साधारण एका दिवसात तो गडद जांभळ्या वसाहती तयार करतो. हा रंग व्हायोलेसिन नावाच्या द्रव्याचा असून ते द्रव्य जिवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतो. उष्ण कटिबंधातल्या मातीत आणि पाण्यात तो सर्रास आढळतो. ब्राझीलमधील रिओ निग्रो नदीत त्याचे वास्तव्य विपुल असल्याने ब्राझीलच्याच शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून काढला. १९०५ मध्ये फिलिपिन्समधील म्हशींच्या आजारात तो रोगकारक म्हणून ओळखला गेला आणि माणसातील पहिला रुग्ण १९२७ मध्ये मलायात नोंदवला गेला. त्यानंतर जगभरच्या वैद्यकीय साहित्यात जमा झालेले रुग्ण अजूनही शेकड्यांतच मोजावे लागतात आणि त्यांत भारतातले रुग्णही आहेत. सुरुवात बहुधा क्षुल्लक असते: पायाला काटा लागतो, खरचटते, त्यावर चिखल बसतो. काही दिवसांत ताप चढतो, जिवाणू रक्तात उतरतो आणि यकृत, फुप्फुस, प्लीहा यांत गळवे होतात. जुन्या नोंदींमध्ये निम्म्याहून अधिक रुग्ण दगावलेले दिसतात. पेनिसिलिन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरिन औषधांना तो दाद देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम किंवा को-ट्रायमॉक्साझोल मात्र सहसा लागू पडते. पांढऱ्या पेशींना जिवाणू मारण्यासाठी लागणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे जन्मतःच तयार करता येत नाहीत, अशा एका आनुवंशिक विकारात हा संसर्ग विशेषतः आढळतो. म्हणून एखाद्या लहान मुलाला तो झाला, तर बरे झाल्यावरही त्याच्या प्रतिकारशक्तीची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

विदर्भाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मेलिऑयडोसिस आणि त्याचा कारक बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. रंगून येथे आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी या दोन डॉक्टरांनी हा रोग १९१२ च्या सुमारास प्रथम जगापुढे मांडला. त्या वेळी ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. ईशान्य थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलिया हे त्याचे बालेकिल्ले मानले जातात, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा रोग होतो, त्यांपैकी ८९,००० दगावतात आणि सर्वाधिक रुग्ण दक्षिण आशियात असावेत. भारतात कर्नाटकाची किनारपट्टी, तमिळनाडू आणि ओडिशा येथून अधिक रुग्ण नोंदवले जातात. जिथे चांगली प्रयोगशाळा आणि शोधण्याची सवय आहे, तिथे तो सापडतो. म्हणून नोंद नाही याचा अर्थ रोग नाही, असा घेता येत नाही. पावसाळी पाणी, साचलेला चिखल आणि त्यात अनवाणी उभे राहून होणारे काम हे त्याला पोषक असलेले सगळे काही मौदा, रामटेक, पारशिवनीपासून भंडारा, गोंदियापर्यंतच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत असते. त्यात मधुमेहाची भर पडली की धोका कित्येक पटींनी वाढतो, कारण अनेक अभ्यासांत या रोगाच्या जवळपास निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांना मधुमेह असल्याचे आढळले आहे.

हा रोग बहुरूपी आहे. कधी तो न्यूमोनियासारखा येतो, कधी महिनोन्‌महिने चालणाऱ्या तापाने आणि घटत्या वजनाने क्षयाचा भास निर्माण करतो, तर कधी यकृतात, प्लीहेत किंवा पुरःस्थ ग्रंथीत (प्रोस्टेटमध्ये) गळू होऊन बसतो. लक्षणे बहुधा तीन आठवड्यांच्या आत दिसतात, पण संसर्गानंतर तब्बल ६२ वर्षांनी आजार उफाळल्याचेही उदाहरण नोंदलेले आहे. प्रयोगशाळेतही तो चकवतो. जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या एका प्रचलित चाचणी-संचाने त्याला चक्क क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम ठरवल्याच्या घटना घडल्या आहेत. अशा वेळी अनुभवी तंत्रज्ञ बशीकडे नीट पाहतो: वसाहती जांभळ्या नाहीत, उलट काही दिवसांनी सुरकुतलेल्या दिसू लागल्या आणि जेंटामायसिन लागू पडत नाही, तर शंका घ्यायला हवी.

एरोमोनास हा गोड्या पाण्यातला आणखी एक जिवाणू असून तो माशांना आणि बेडकांना नेहमीच सतावतो. थायलंडमध्ये २००४ च्या त्सुनामीत जखमी झालेल्यांच्या जखमांत जे जिवाणू आढळले, त्यांत तो अग्रस्थानी होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी नागपूरच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा घराघरांतून गाळ उपसणाऱ्यांच्या पायांना झालेल्या जखमांकडे याच नजरेने पाहायला हवे होते. जळवांच्या आतड्यातही एरोमोनास राहतो आणि रक्त पचवण्यास तिला मदत करतो. त्यामुळे जळू लावल्यानंतर जखम चिघळली, तर वैद्यांनी आणि डॉक्टरांनी त्याचे नाव आधी आठवावे.

घरात मत्स्यटाकी असलेल्यांनी मायकोबॅक्टेरियम मरिनम हे नाव ऐकलेले बरे. क्षयाच्या जिवाणूचा हा जवळचा नातलग सुमारे ३० अंशांना उत्तम वाढतो, म्हणून शरीराच्या आत खोलवर न जाता तो बोटे, कोपर अशा थंड भागांवर न दुखणाऱ्या गाठी उठवतो. टाकी साफ केल्यानंतर कित्येक आठवड्यांनी गाठ येत असल्याने दोहोंचा संबंध कोणाच्याच ध्यानात येत नाही आणि प्रयोगशाळेने नमुना केवळ ३७ अंशांवर ठेवला, तर तिथेही काही उगवत नाही.

नागपूरकरांचा हमखास प्रश्न कूलरचा असतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या संमेलनात न्यूमोनियाची साथ पसरवणारा लिजियोनेला कोमट पाण्यात वाढतो आणि सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासात जातो. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेतील शीतन मनोऱ्यांतून असे तुषार उडतात. घरगुती कूलरमध्ये पाण्याची प्रामुख्याने वाफ होते आणि त्या बाष्पीभवनामुळे उरलेले पाणी थंड राहते, त्यामुळे त्याच्यापासून धोका बराच कमी असतो. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासावी, हा सल्ला डेंग्यूच्या डासांमुळे तरी पाळावाच लागतो.

प्रतिबंधासाठी गमबूट वापरा, असे पुस्तकात लिहिलेले असते. रोवणीच्या गुडघाभर चिखलात ते रुतून बसतात, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे. त्यापेक्षा मधुमेही माणसाने पायाला जखम असताना बांधीत न उतरणे, जखम जलरोधक पट्टीने झाकणे आणि काम संपताच साबणाने पाय धुणे हे साधण्यासारखे आहे. जखम दोन-तीन दिवसांत लाल होऊन पसरू लागली किंवा ताप आला, तर डॉक्टरांना नुसते ‘लागले’ असे न सांगता कोणत्या पाण्यात, कोणत्या चिखलात आणि कधी लागले हे सांगावे. मधुमेह असल्यास तोही सांगावा. रक्त आणि पू यांचे कल्चर, म्हणजे त्यांतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी पाठवावे आणि पाण्याच्या संपर्काचा उल्लेख तपासणीच्या चिठ्ठीवर असावा, कारण तंत्रज्ञाने काय शोधायचे, बशी किती दिवस आणि किती तापमानाला ठेवायची, हे त्यावरच ठरते. मेलिऑयडोसिस निघाला, तर किमान १० ते १४ दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम द्यावे लागते आणि त्यानंतर निदान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या घ्याव्या लागतात. ताप उतरला म्हणून या गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण लक्षणीय असते.