मिसळीचं नाक आणि मेडिकलमधला स्प्रे

ठाण्यात मामलेदार मिसळीच्या बाकावर बसलात की एकदा समोरच्याकडे बघा. दुसऱ्या घासाला कपाळ ओलं, तिसऱ्याला सूं सूं, आणि चौथ्याला रुमालासाठी डाव्या हाताची खिशात शोधाशोध, कारण उजवा तर्रीत बुडालेला. याला सर्दी म्हणायचं नाही, बहुतेक वेळा ॲलर्जीही नाही. डॉक्टर याला गस्टेटरी ऱ्हायनायटिस म्हणतात. मी ‘मिसळीचं नाक’ म्हणतो.

मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या मज्जातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखतं. त्यामुळे तिखट लागलं की मेंदूला भाजल्यासारखं वाटतं, आणि कट उकळता असेल तर दोन्ही तक्रारी एकाच दारातून आत जातात. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं, २०२१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूवरून तक्रार मेंदूकडे जाते, परतीचा हुकूम दुसऱ्या वाटेने नाकातल्या ग्रंथींकडे येतो. तिथे ॲसिटिलकोलीन नावाचं निरोप पोचवणारं रसायन सुटतं आणि नळ सोडल्यासारखं पाणी वाहू लागतं.

गोंधळ होतो तो इथेच. नाक गळणं आणि नाक चोंदणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळतात त्या ग्रंथी. चोंदतं तेव्हा नाकाच्या बाजूच्या भिंतींवरचे मांसल कंगोरे रक्त भरून फुगलेले असतात. मेडिकलमध्ये ‘नाकाचा स्प्रे द्या’ म्हटलं की बहुधा झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन हातात पडतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, काही मिनिटांत वाट मोकळी होते, खरंच बरं वाटतं. पण ग्रंथींच्या नळाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. मिसळीआधी ते मारून जाणं म्हणजे छत गळतंय म्हणून खिडकी लावणं.

काहींचं नाक जेवताना खरोखर चोंदतं. दारूने रक्तवाहिन्या फुगतात म्हणून, किंवा मुळातच ॲलर्जीची सर्दी असते म्हणून. त्यांना हा स्प्रे उपयोगी पडतो, पण तीन दिवस, फार तर पाच. आणि जेवण तर रोजचं, तेही दोन वेळा! पाच दिवसांच्या औषधाला रोजच्या जेवणाशी बांधलं की सवय लागणारच.

आमच्या मजल्यावरचे एक काका दोन वर्षं यात अडकलेत. एक बाटली शर्टाच्या खिशात, एक उशाखाली, एक स्कूटरच्या डिकीत. सततच्या वापराने औषधाचा असर कमी कमी होत जातो, तो उतरला की आतलं अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा एक फवारा. या दुखण्याचं नावच ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोसा, म्हणजे औषधाने आणलेली सर्दी.

नुसतं पाणी वाहत असेल तर डॉक्टर इप्राट्रोपियमचा नाकाचा स्प्रे सुचवू शकतात. ते ॲसिटिलकोलीनचा निरोपच अडवतं, म्हणून जेवणाआधी घ्यायचं. नाक कोरडं पडू शकतं, कधी रक्तही येतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगायचं, आणि फवारा डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. फ्लुटिकासोन, मोमेटासोन हे स्टिरॉइडचे स्प्रे ॲलर्जीवर चांगले, पण त्यांचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. मिठाच्या पाण्याचा स्प्रे कुणीही वापरावा. कापूर-मेंथॉलच्या कांडीने नाक उघडत नाही, उघडल्यासारखं वाटतं इतकंच.

स्प्रे मारण्यातही बहुतेक जण चुकतात. मान मागे टाकून मारलं की औषध घशात. आधी नाक हलकेच शिंकरायचं, मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारायचं. म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप कानाच्या दिशेला वळतं आणि मधल्या पडद्यावर मारा होत नाही. जोरात ओढायचं नाही. घशाला कडू लागलं तर समजायचं, ओढलंत.

रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड असेल तर आवळणारा स्प्रे विचारल्याशिवाय नको. घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात ठेवा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पोटात एक-दोन मिलिलिटर गेलं तरी धोका होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच दिला होता. आणि जेवताना ओठ-जीभ सुजली, अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला, तर स्प्रे शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. वाकल्यावर एकाच नाकपुडीतून नितळ पाणी गळत असेल, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर, तर तेही लगेच दाखवायचं.

काका शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला आणि जुना एकेका नाकपुडीतून बंद करायला सांगितला, म्हणजे रात्री निदान एका बाजूने तरी झोप लागते. सध्या उजवी सुटली आहे, डावी अजून अडून बसली आहे.