सड्यावरच्या कातळशिल्पाला राज्य संरक्षण हवंय? गावाने प्रस्ताव असा तयार करावा

कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कातळात खोदलेली प्राचीन चित्रं म्हणजे कातळशिल्पं. त्यांपैकी कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ ही नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. पण यादीत नाव आलं म्हणजे कायद्याचं संरक्षण मिळालं असं होत नाही. शिवाय यादीबाहेरची कितीतरी कातळशिल्पं खाजगी सातबाऱ्यावर, चिरेखाणीच्या तोंडाशी आहेत. कापलेला कातळ परत जोडता येत नाही, म्हणून ही माहिती.

राज्याचं संरक्षण मिळतं ते १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियमाखाली. त्यात इमारतींबरोबरच लेणी, शिलालेख आणि खडकावरचं कोरीवकामही येतं, त्यामुळे कातळशिल्प पात्र ठरतं. घोषणा करण्याचा अधिकार शासनाचा आहे. आपण द्यायचा तो प्रस्ताव. तो पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या रत्नागिरी विभागाच्या सहायक संचालकांच्या नावे द्या आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या, पुढचा सगळा पाठपुरावा त्यावरच चालतो.

सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. ठरावात गट नंबर आणि नेमका धोका लिहा: खाण, नवा रस्ता, वणवा, गाड्या फिरवणं, जे असेल ते. ‘आमच्या गावात प्राचीन ठेवा आहे’ एवढ्या मोघम ठरावाने काम पुढे सरकत नाही. अद्ययावत सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), गटाचा नकाशा आणि मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश हेही लागतील. एका गटात चार चित्रं विखुरलेली असतील तर प्रत्येकाचं ठिकाण नकाशावर वेगळं दाखवा.

फोटो काढायचे ते सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषेची कड सावली धरते, भर दुपारी तीच रेषा दिसेनाशी होते. शेजारी मोजपट्टी ठेवा. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, एका फोटोत तो मावत नाही. तुमच्याकडेही मोठं चित्र असेल तर हाताने काढलेला, मापं घातलेला आराखडा द्या. रेषा उठून दिसावी म्हणून त्यात खडू, चुना किंवा रंग कृपा करून भरू नका. खाचेतली मातीही खरवडू नका, अभ्यासकांना तीही हवी असते.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जमीनमालकीत. कोकणातला सातबारा सामाईक, त्यावर आजोबांच्या पिढीची नावं आणि निम्मे हिस्सेदार मुंबईत. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे आधी ती करून घ्या. हद्दीवरून वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. मालकाची लेखी संमती जोडता आली तर फार बरं, विरोध मावळतो. ‘जमीन सरकारजमा होणार’ ही भीती घरोघरी असते. संरक्षित घोषित झाल्याने मालकी आपोआप जात नाही. मालकाशी जतनाचा करार करणं किंवा जमीन रीतसर विकत घेणं, हे वेगळे मार्ग आहेत. मात्र जागेच्या वापरावर बंधनं येतात, हे मालकाला आधीच स्पष्ट सांगावं. लपवून घेतलेली सही पुढे हरकत बनून येते.

स्मारकाभोवतीच्या १०० मीटरच्या बांधकामबंदीची चर्चाही होते. ती तरतूद केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली आणि सिंधुदुर्ग किल्ल्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकांसाठी आहे. तुमच्या जागेभोवती राज्याच्या कोणत्या अटी लागतील, ते प्रस्तावातच लेखी विचारा.

विभागाने पाहणी करून शिफारस केली आणि शासनाला पटलं, तर आधी राजपत्रात प्राथमिक अधिसूचना निघते. तिची प्रत जागेजवळ लावतात आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. हा काळ महत्त्वाचा. चाकरमानी हिस्सेदारांना ती नोटीस दिसत नाही, तेव्हा फोटो काढून त्यांना त्याच दिवशी पाठवा. ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी मुदतीत लेखीच द्यावं. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना निघते आणि तिथून पुढे त्या चित्राची मोडतोड किंवा विद्रूपीकरण करणं हा गुन्हा ठरतो. तोवर खाणीची हालचाल दिसली तर थांबू नका, आवक क्रमांकाचा हवाला देऊन तहसीलदारांना लगेच लेखी कळवा.