‘म्हातारचळ’ ते ‘स्मृतिभ्रंश’: नावांच्या गोंधळाची पार्श्वभूमी
वयोमानाचा विसराळूपणा आणि डिमेन्शिया (मेंदूच्या आजाराने रोजचे जगणे अडेल इतकी बुद्धी ढळणे) वेगळे, हे आता नव्याने सांगायला नको. घोळ आहे तो नावांचा, आणि त्याचा बराचसा भाग १९१० मधल्या एका निर्णयाकडे जातो.

१९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने पन्नाशीत आजारी पडलेल्या स्त्रीच्या मेंदूतले बदल मांडले: पेशींबाहेर साचलेले थर, पेशींच्या आत गुंतलेले धागे. चार वर्षांनी एका वजनदार पाठ्यपुस्तकाने आजाराला त्याचे नाव दिले, पण ते म्हातारपणाआधी गाठणाऱ्या डिमेन्शियापुरते. तेच सत्तरीत घडले तर ‘सेनाइल’, म्हणजे वयाचा दोष. असे का केले? प्रतिस्पर्धी प्रयोगशाळेशी चढाओढ, की मनोविकाराचे मूळ मेंदूत दाखवायची घाई, यावर अजून वाद आहे. दोन्ही मेंदूंत तेच बदल असतात हे १९६० च्या दशकात ठसले, आणि १९७६ मध्ये एका संपादकीयाने हा भेद मोडीत काढायला सांगितले. तोवर साठेक वर्षे बहुतेक वृद्धांचा आजार ‘आजार’ म्हणून मोजलाच गेला नव्हता.

मराठीत आणखी एक गफलत झाली. ‘म्हातारचळ’पेक्षा ‘स्मृतिभ्रंश’ सभ्य खरा, पण तो स्मृतीलाच धरून बसतो. फ्रंटोटेम्पोरल, म्हणजे मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग झिजणाऱ्या प्रकारात स्मरणशक्ती सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असते. माणूस भीड सोडतो, गोडावर तुटून पडतो, घरच्यांच्या दुःखाकडे ढुंकूनही बघत नाही. तोही बऱ्याचदा पासष्टीच्या आत, त्यामुळे निदान आधी मनोविकाराच्या वाटेने भरकटते. व्हॅस्क्युलरमध्ये, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणाऱ्या प्रकारात, घसरण अनेकदा पायरीपायरीने होते.

लेवी बॉडीत, म्हणजे मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या गाठी साचणाऱ्या प्रकारात, खोलीत नसलेली माणसे दिसतात, आज लख्ख तर उद्या गुंगीत. झोपेत हातपाय झाडणे कधी कधी कित्येक वर्षे आधीच सुरू झालेले असते. १९९० च्या दशकात याचे निकष ठरले आणि ‘एक वर्षाचा नियम’ आला: कंपवाताची लक्षणे सुरू होऊन वर्ष उलटल्यावर बुद्धी ढळली तर तो कंपवातातला डिमेन्शिया, त्याआधी किंवा बरोबरच ढळली तर लेवी बॉडी. रेघ सोयीची आहे, निसर्गाने आखलेली नव्हे. मात्र प्रकार ओळखणे जिवावरचे ठरते: भास थांबवायला हॅलोपेरिडॉल दिले तर असा रुग्ण ताठरू शकतो, शुद्ध हरपू शकते, प्रसंगी दगावतोही.

२०१३ मध्ये अमेरिकी मनोविकार नियमावलीने ‘डिमेन्शिया’च्या जागी ‘मेजर न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर’ आणले. दवाखान्यात ते फारसे रुळले नाही. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या २०२४ च्या निकषांनी तर लक्षणे नसली तरी चाचणीत अमायलॉइड (पेशींबाहेरच्या त्या थरांतले प्रथिन) सापडले की अल्झायमर म्हणायची मुभा दिली. तज्ज्ञांचा एक गट ते मानत नाही: अमायलॉइड असलेल्या अनेकांना डिमेन्शिया कधीच होत नाही.