डोळ्याच्या सोनोग्राफीने नजर जाते?

‘डोळ्याच्या सोनोग्राफीत किरणं आत जातात, नजर अधू होते,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. भीती समजण्यासारखी आहे. पण इथे एक्स-रेसारखी किरणं नसतातच. असतात फक्त ध्वनिलहरी. डोळ्याच्या पुढच्या भागाच्या यूबीएम (अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी) या सोनोग्राफी तपासणीत त्यांची वारंवारता साधारण ३५ ते ५० मेगाहर्ट्झ असते. आकडा मोठा वाटतो, पण वारंवारता जितकी जास्त, तितकी लहर लवकर विरते. ती जेमतेम ५ मिलिमीटर आत पोचते; पारपटल (कॉर्निया) आणि बुबुळ यांच्यामधला कोन स्पष्ट दाखवते, मागच्या पडद्यापर्यंत (रेटिना) जात नाही. पडदा पाहायला १० मेगाहर्ट्झच्या आसपासचा बी-स्कॅन, म्हणजे खोलवर पोचणारी सोनोग्राफी, लागतो. खात्री हवी? सर्वसाधारण सोनोग्राफी मशीन असेल तर ‘डोळ्यांचं सेटिंग लावलंय ना?’ एवढं जरूर विचारा; त्यात लहरींची ताकद कमी ठेवलेली असते. जपायचं ते डोळा फुटल्याची शंका असताना: तेव्हा प्रोबचा (डोळ्यावर टेकवायच्या उपकरणाचा) दाब धोक्याचा.