फॉरमॅट मारायला सांगण्याआधी एवढं वाचा

"मेमरी फुल झालीय, फॉरमॅट मारून द्या." आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. फॉरमॅट म्हणजे डिस्कचा भाग पुसून विंडोज नव्याने टाकणं.

मेमरी म्हणजे रॅम की हार्ड डिस्क? उघडलेलं काम रॅममध्ये असतं. लाइट गेली की रॅम कोरी, म्हणून सेव्ह न केलेलं पत्र जातं. सेव्ह केलेलं डिस्कवर राहतं. 4 जीबी रॅमवर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि क्रोमच्या पंधरा-वीस टॅब एकदम उघडल्या की रॅम पुरत नाही, मग विंडोज त्यातलं काही डिस्कवर टाकतं. लॅपटॉपची जुनी डिस्क म्हणजे बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेणारी तबकडी. मशीन रखडतं ते तिथे. फोटो उडवून हे सुटत नाही. सी ड्राइव्ह, म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, लाल झाला (भरत आला) असेल तर गोष्ट वेगळी.

आता खरी डोकेदुखी. आम्ही विचारतो, "डेटा काही ठेवायचाय?" उत्तर येतं, "महत्त्वाचं सगळं डी मध्ये आहे, सी उडवा." पण डेस्कटॉपवरच्या फायली सी मध्येच असतात! डाउनलोड्स, डॉक्युमेंट्सही तिथेच, आणि बरेचदा टॅलीचा डेटासुद्धा. श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्याचे फॉन्ट वेगळे) टाइप केलेल्या जुन्या फायली डी मध्ये वाचतात, पण फॉन्ट सी सोबत गेला की अर्जाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. एसएसडीवरून (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) पुसलेलं तर सहसा परत मिळतच नाही. शिवाय सी आणि डी बहुतेक घरी एकाच डिस्कचे दोन भाग असतात, तेव्हा डी मधली कॉपी हा बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही गेले.

म्हणून आम्ही आधी सी चा बॅकअप घेतो, यादी दाखवून सही घेतो. "बाजूचा दुकानदार तासाभरात करून देतो," असं ऐकवतात. देत असेल. आमच्याकडे मशीन एक दिवस राहतं आणि बॅकअपचे पैसे वेगळे पडतात.

खरं सांगायचं तर निम्म्या वेळा फॉरमॅटची गरजच नसते. तबकडी काढून एसएसडी बसवली आणि जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर क्लोन (हुबेहूब कॉपी) केली, की विंडोज, टॅली, फॉन्ट सगळं जागेवर राहतं आणि फरक चालू करतानाच कळतो. रॅम वाढवता येते का, तेही उघडून सांगतो. बघायचे पैसे नाहीत.

येताना चार्जर आणि पासवर्ड आणा. माउस, बॅग घरीच ठेवा.