काचबिंदू : न जाणवणाऱ्या नुकसानीचं मोजमाप

डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर ताठ धरा, अंगठे वर, एकमेकांना चिकटवून. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे टक लावून पाहत उजवा हात हळूहळू उजवीकडे सरकवत न्या. जेमतेम वीतभर अंतर पडायच्या आत एक जागा अशी येते, की उजव्या अंगठ्याचं नख गायब होतं. हात किंचित वरखाली करावा लागेल, पण जागा सापडतेच. आता नीट बघा. नख गेलं, पण तिथे काळं भोक दिसत नाही. मागची भिंत सलग दिसते. आजूबाजूचा रंग घेऊन मेंदूने ती जागा लिंपून टाकलेली असते.

डोळ्याची नस जिथून मेंदूकडे निघते, ते हे तोंड. तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत, म्हणून प्रत्येक डोळ्यात हा आंधळा ठिपका जन्मापासून असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. काचबिंदू नेमका याच तोंडाशी घाव घालतो, आणि लिंपून घेण्याची मेंदूची सवय त्याच्या पथ्यावर पडते. माहितीपत्रकांत काचबिंदूच्या पेशंटची नजर म्हणून काळ्या कडांचा बोगदा छापलेला असतो. संशोधक डेव्हिड क्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ५० पेशंटना वेगवेगळी चित्रं दाखवून ‘तुम्हाला यांतलं कसं दिसतं?’ असं विचारलं, तेव्हा त्या काळ्या बोगद्यावर एकानेही बोट ठेवलं नाही. कोणाला काही भाग धूसर वाटत होता, कोणाला वस्तू तिथे नसल्यासारख्या वाटत होत्या आणि काही जणांना फरकच जाणवत नव्हता. ते बोगद्याचं चित्र मला घातक वाटतं. ‘मला असं काळं दिसत नाही, म्हणजे मला काचबिंदू नाही,’ असं समजून माणूस निर्धास्त राहतो.

या नशीत दहा-बारा लाख धागे असतात. डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या सगळ्या भागांतून ते या तोंडाशी येतात, काटकोनात वळतात आणि चाळणीसारख्या एका पातळ थरातून मागे जातात. इकडे डोळ्याच्या पुढच्या भागात मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर पाणी झिरपत असतं, म्हणजे वीस मिनिटांत एखादा थेंब. अश्रूंशी याचा संबंध नाही. तेवढंच पाणी बुबुळाच्या कडेच्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. तिथे निचरा अडला की दाब चढतो, चाळणी मागे वाकते आणि धागे एकेक करून सुकतात. गेलेला धागा परत येत नाही.

१८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण आणलं आणि जिवंत डोळ्यातलं हे तोंड डॉक्टरांना पाहता येऊ लागलं. बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांच्यासारख्या कसलेल्या नेत्रतज्ज्ञालाही काचबिंदूतलं तोंड आधी सुजून वर आल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात तिथे खळगा पडलेला होता. एकाच डोळ्याने पाहताना उंचवटा कुठला आणि खोलगट कुठलं, यात त्यांची फसगत झाली. ती चूक पुढे सुधारली गेली, आणि १८५७ मध्ये त्यांनीच तीव्र काचबिंदूवर बुबुळाचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. निदानाच्या इतिहासातली ही फसगत मला फार बोलकी वाटते. बघणं आणि मोजणं यांत किती अंतर आहे, ते तिथे पहिल्यांदा उघड झालं.

मग दाब मोजून भागणार नाही का? गोल्डमन यांच्या पद्धतीत डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब घालतात, निळा प्रकाश टाकतात आणि कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट व्हायला किती जोर लागतो ते पाहतात. डॉक्टरला भिंगातून दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की आकडा वाचायचा. पण कॉर्नियाची जाडी साधारण ५२० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, असते हे यात गृहीत धरलेलं आहे. पातळ कॉर्नियाचा डोळा खरा दाब लपवतो, जाड कॉर्नियाचा वाढवून सांगतो. दाब जास्त असलेल्या १,६३६ जणांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात कॉर्निया पातळ असणं हे स्वतंत्र जोखमीचं लक्षण ठरलं. २००२ मध्ये आलेल्या त्याच निष्कर्षांत, पाच वर्षांत दाब उतरवणारे थेंब न घालणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला आणि थेंब घालणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. याचा दुसरा अर्थही वाचायला हवा : दाब जास्त आणि उपचार नाही, तरी पाच वर्षांत बहुतेकांची नस शाबूत राहिली. उलट दाब ‘नॉर्मल’ असूनही नस सुकलेले पेशंट असतातच. त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान होत नाही.

म्हणून फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या आवाक्याची तपासणी. अर्धगोलात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या दिव्यावर नजर खिळवायची आणि कडेला प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. नेहमीच्या चाचणीत असे ५४ बिंदू तपासतात, कधी इतक्या मंद प्रकाशाने की दिसला की भास झाला हेच कळत नाही. बसणाऱ्याला वाटतं आपण नापास होतोय. यंत्र मुद्दामच दिसण्याच्या उंबरठ्यावर खेळत असतं, त्यामुळे बरेचसे ठिपके न दिसणं अपेक्षितच असतं. पण थकवा, डुलकी, घाई या सगळ्यांचा निकालावर परिणाम होतो. बदलाचा वेग नीट कळायचा तर पहिल्या दोन वर्षांत सहा वेळा चाचणी करावी, असं तज्ज्ञांनी सुचवलंय.

शिवाय ही चाचणी उशिरा बोलते. हॅरी क्विग्ली आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्यांतले धागे मोजले. काही नशींत ४० टक्क्यांपर्यंत धागे गेलेले होते, तरी त्या काळच्या फील्ड टेस्टमध्ये दोष उतरलेला नव्हता.

ही फट ओसीटीने, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीने, बरीचशी भरून काढली. १९९१ मध्ये डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र मांडलं. तत्त्व आवाजाच्या प्रतिध्वनीसारखं, फक्त आवाजाऐवजी अवरक्त प्रकाश. प्रकाशाचा प्रतिध्वनी इतक्या झटक्यात परततो की घड्याळाने तो मोजता येत नाही. म्हणून परत आलेला किरण दुसऱ्या, ठरावीक अंतर चाललेल्या किरणाशी जुळवून पाहतात. आजची यंत्रं पडद्याचा उभा छेद पाचेक मायक्रॉनच्या बारकाईने दाखवतात. तोंडाभोवतीचा धाग्यांचा थर निरोगी डोळ्यात सरासरी शंभरेक मायक्रॉन असतो. तो दर वर्षी किती झिजतोय, हे कागदावर येतं.

पण अहवालातल्या लाल रंगाला घाबरून जाऊ नका. यंत्र तुमची तुलना साठवलेल्या निरोगी डोळ्यांशी करतं. जास्त मायनस नंबरच्या डोळ्यात धाग्यांची ठेवणच वेगळी असते, आणि यंत्र निष्कारण लाल दाखवतं. दुसऱ्या टोकाला, थर ५० मायक्रॉनच्या आसपास आला की आकडा तिथेच थांबतो, कारण उरतात त्या रक्तवाहिन्या आणि आधार देणाऱ्या पेशी. तिथून पुढे पुन्हा फील्ड टेस्टच कामाची.

उपचाराचा रोख सध्या एकच : दाब उतरवणं. त्यासाठी थेंब आहेतच. ब्रिटनमधल्या ७१८ पेशंटच्या २०१९ च्या चाचणीत आधी लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के जण तीन वर्षं थेंबांशिवाय राहिले, तेव्हापासून लेझरला पहिला मान मिळू लागला. जाळीत बसवायच्या टायटॅनियमच्या बारीक नळ्या तर ३६० मायक्रॉन उंचीच्या, मिठाच्या कणाएवढ्या. सौम्य आजाराला त्या उपयोगी पडतात. जिलेटिनची एक नळी ६ मिलिमीटर लांब आणि आतून फक्त ४५ मायक्रॉन रुंद असते. एवढी अरुंद मुद्दामच, कारण नळीची रुंदी निम्मी केली की प्रवाहाला अडथळा सोळापट होतो. रुंद ठेवली तर डोळा पाणी गळून मऊ पडेल.

आजार वाढला की अजूनही ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे पाण्याला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रियाच आठवते. केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी १९६८ मध्ये ती मांडली तेव्हा त्यांना वाटलं होतं, की जाळीचा तुकडा काढला की पाणी नैसर्गिक नाल्याच्या कापलेल्या टोकांत शिरेल. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण कारण वेगळं निघालं. पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत कापून केलेल्या झडपेखालून झिरपून वरच्या पातळ आवरणाखाली साठत होतं. वरच्या पापणीआड तिथे एक हलका फुगा येतो. तो फुगा टिकला तर दाब ताब्यात राहतो.

आणि इथेच शरीर आडवं येतं. इतर बहुतेक शस्त्रक्रियांत जखम भरून आली की डॉक्टर निश्चिंत होतो. इथे ती पूर्ण भरली तर वाट बंद. म्हणून शस्त्रक्रियेदरम्यान कॅन्सरवरच्या मायटोमायसिन औषधात भिजवलेला स्पंजचा तुकडा काही मिनिटं त्या जागी ठेवतात आणि मग भरपूर पाण्याने धुतात, म्हणजे व्रण बनवणाऱ्या पेशी थंडावतात. मात्रा कमी पडली तर व्रण धरतो, जास्त झाली तर फुगा पातळ होऊन गळतो, जंतुसंसर्गाला दार उघडतं.

म्हणून सर्जन झडपेचे टाके आधी जरा घट्टच घालतो. पहिल्या दिवसांत पाणी कमी झिरपलं तरी चालतं, धो-धो वाहिलेलं चालत नाही. मग एक-दोन आठवड्यांनी दाब चढू लागला, की पेशंटला यंत्रापुढे बसवून एक छोटं भिंग डोळ्यावर टेकवतात. आवरणाखाली काळा टाका केसासारखा दिसतो. लेझरचा एक ठिणगीएवढा झोत, आवरणाला धक्का न लावता, तो टाका तोडतो. झडप किंचित सैल होते आणि फुगा हळूच वर येतो.