पेढीवर बसलेला साधक : श्रीमद राजचंद्र

चिपळूण, खेडच्या बाजारात एखाद्या गुजराती जैन दुकानात गल्ल्याच्या वर एक फोटो दिसतो, उघड्या अंगाचा, बरगड्या मोजता येतील इतका बारीक माणूस पद्मासनात बसलाय. आपण समजतो कोणीतरी जैन मुनी असतील. पण ते मुनी नव्हतेच, ते श्रीमद राजचंद्र, बायकामुलं असलेले, मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार करणारे गृहस्थ.

जन्म १८६७ चा, कार्तिकी पौर्णिमेचा, मोरबीजवळच्या ववाणिया गावात. वडिलांकडे कृष्णभक्ती, आईकडे जैन संस्कार. एकोणिसाव्या वर्षी मुंबईत त्यांनी शतावधान करून दाखवलं, म्हणजे पत्ते, बुद्धिबळ, गणितं, परक्या भाषांतले उलटसुलट क्रमाने सांगितलेले शब्द, अशा शंभर गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष ठेवायचं आणि शेवटी सगळं बिनचूक सांगायचं. खूप नाव झालं. आणि नेमकं तेव्हाच त्यांनी हे प्रयोग बंद केले, कारण आत्म्याच्या वाटेत ही प्रसिद्धी आडवी येते असं त्यांना वाटलं. मला हा माणूस इथेच मोठा वाटतो.

गांधीजी बॅरिस्टर होऊन जुलै १८९१ मध्ये मुंबईला उतरले तेव्हा दोघांची भेट झाली. गांधीजींनी लिहून ठेवलंय की लाखोंचा सौदा चालू असायचा पण पेढीवर शेजारी धर्माचं पुस्तक आणि वही कायम असायची, सौदा संपला की लगेच वही उघडायची. पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन आणि मुसलमान मित्रांच्या चर्चांनी गांधीजींचं मन डळमळलं, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी राजचंद्रांनाच सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले, आत्मा काय, ईश्वर काय, मोक्ष काय, आणि राजचंद्रांच्या सविस्तर उत्तरांनी त्यांना शांती मिळाली. तरी गुरू म्हणून मात्र त्यांना मी हृदयात बसवू शकलो नाही, हेही गांधीजींनी स्पष्ट सांगितलंय, ते विसरून चालणार नाही.

१८९६ मध्ये नडियादला एका रात्री एकाच बैठकीत राजचंद्रांनी 'आत्मसिद्धी' हे काव्य लिहिलं, १४२ गाथा म्हणजे कडवी, शेजारी त्यांचे शिष्य अंबालाल कंदील धरून उभे. आत्मा आहे, तो नित्य आहे, तोच कर्ता, तोच भोक्ता, मोक्ष आहे आणि मोक्षाचा उपायही आहे, या सहा गोष्टी गुरू-शिष्याच्या सवालजवाबात, साध्या गुजरातीत. म्हणूनच त्यांच्या अनुयायांच्या घराघरात आजही ते म्हणतात. पुढे तब्येत खालावत गेली आणि ९ एप्रिल १९०१ ला राजकोटला ते गेले, वय अवघं ३३.

शिरोड्याचा १९३० चा मीठ सत्याग्रह आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतो, पण ज्यांच्या हाकेवर तो झाला त्या गांधीजींच्या अहिंसेमागे टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्या आधी हा झवेरी आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. आणि कोकणातून मुंबईला गेलेले लोक गावदेवीला जे मणिभवन बघून येतात, जिथे गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की उतरायचे, ते घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं, म्हणजे ज्यांच्या पेढीत राजचंद्र भागीदार होते त्यांचंच.